लहान संस्थेचा हिशेब: खजिनदाराने ठेवावा कसा, देणगीदाराने वाचावा कसा

पुणे सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. पुढे तिने दुष्काळ, शेतसारा असे मोठे प्रश्न हाती घेतले, पण ती उभी राहिली ती पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांत असलेल्या नाराजीतून. सभेचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सार्वजनिक पैशाचा जाब विचारण्याची आपल्याकडची परंपरा इतकी जुनी आहे.

आता त्यासाठी कायदा आहे. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. राज्यातली धर्मादाय संस्था याच कायद्याखाली येते, मग ती ट्रस्ट असो की सोसायटी. तरीही बहुतेक लहान संस्थांत दिसणारे चित्र असे: सप्टेंबरच्या शेवटी सीएकडे धावपळ होते, हिशेबपत्रके दाखल होतात आणि फाइल कपाटात जाते. ज्याने वसतिगृहाला पाचशे रुपये दिले, त्याच्या हाती तो कागद कधीच पडत नाही. माझ्या मते हिशेब देणगीदारासाठी ठेवायचा असतो. धर्मादाय कार्यालय हा त्यातला एक टप्पा आहे, शेवट नाही.

हा लेख पगारी हिशेबनीस नसलेल्या संस्थांसाठी आहे: गावचे वाचनालय, व्यायामशाळा, रुग्णसाहित्य केंद्र, मुलींचे वसतिगृह, मूकबधिर मुलांची शाळा. आधी खजिनदाराचे काम पाहू आणि नंतर देणगीदाराचे.

आधी कागद जुळवा

नोंदणीचा दाखला काढा. नोंदणी क्रमांकाच्या आधी अक्षर असते. ‘ई’ म्हणजे धर्मादाय ट्रस्ट. ‘एफ’ म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आधी नोंदलेली आणि मग या कायद्याखाली आलेली सोसायटी. त्याशेजारी घटना व नियमावली, पॅन, आयकर विभागाचे १२एबी (संस्थेच्या उत्पन्नावरची करसूट) आणि ८०जी (दात्याला मिळणारी करसवलत) यांचे आदेश ठेवा. मग परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची नक्कल, घ्या आणि त्यातल्या विश्वस्तांची नावे आज प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यांशी ताडून पाहा.

इथेच अनेक संस्था अडकतात. विश्वस्त बदलला, वारला, मालमत्ता घेतली किंवा विकली, तर विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो न दिल्याने कित्येक ठिकाणी दप्तरी एकांची नावे आणि चेकवर दुसऱ्यांच्याच सह्या असा प्रकार चालतो. सगळे गुण्यागोविंदाने चालले असताना कोणाला काही खटकत नाही. वाद उभा राहिला की मात्र पहिला प्रश्न येतो: सही करणारे तुम्ही कोण?

पावती: सगळा विश्वास इथे उभा राहतो

पावतीपुस्तके छापून आली की त्यांची नोंदवही करा. कोणते पुस्तक, कितव्या क्रमांकापासून कितव्यापर्यंत, कोणाला कधी दिले, कधी परत आले, सही. एवढी एक वही असली की दुसरे बनावट पुस्तक फिरवणे अवघड होते. पावती बिघडली तर फाडून टाकू नका. मूळ प्रत आणि स्थळप्रत दोन्हीवर ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवा. ऑडिटर सर्वप्रथम क्रमांकांची सलगता पाहतो, आणि ते योग्यच आहे.

पावतीवर नाव, पूर्ण पत्ता, रक्कम अंकी व अक्षरी, रोख की बँकेमार्फत आणि कशासाठी, हे सगळे यायला हवे. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा सोडू नका. दात्याने ‘विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी’ म्हटले असेल तर तेच लिहा, काही म्हटले नसेल तर ‘सर्वसाधारण’ लिहा. नाव-पत्त्याशिवाय आलेली देणगी निनावी धरली जाते. धर्मादाय संस्थेकडे वर्षभरात अशा देणग्या १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या वर गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो.

८०जीची सवलत हवी असलेल्या दात्याला देणगी घेण्यापूर्वीच सांगा की २,००० रुपयांच्या वर रोख दिल्यास त्याला सवलत मिळणार नाही. संस्थेने देणग्यांचे विवरण, ज्याला सगळे १०बीडी म्हणतात, ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरायचे असते. त्यातूनच दात्याचे १०बीई प्रमाणपत्र निघते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी लागते. शिवाय दात्याची वजावट अडते आणि तो पुढच्या वर्षी देणगी देताना हात आखडतो. (ही नावे आणि कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाल्याने फॉर्म आणि कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा फॉर्म भरताना सीएकडून चालू क्रमांक विचारून घ्या.)

यूपीआयने काम सोपे केले आणि एक नवी फटही पाडली. कार्यक्रमात टेबलावर ठेवलेला क्यूआर कोड सचिवांच्या वैयक्तिक खात्याचा असतो, ‘नंतर संस्थेत भरतो’ या बोलीवर. माणूस कितीही सज्जन असो, हे करू देऊ नका. कोड स्कॅन केल्यावर संस्थेचेच नाव दिसले पाहिजे. बँक संस्थेच्या खात्याचा कोड देते.

दानपेटी किमान तिघांच्या देखत उघडा. नोटा मोजून कागदावर मांडा, तिघांच्या सह्या घ्या आणि पूर्ण रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. यामागचा नियम साऱ्या रोख जमेला लागू आहे: आलेल्या रोकडीतून परस्पर खर्च करायचा नाही. जमा सगळी बँकेत जाईल आणि खर्चासाठी वेगळे पैसे काढले जातील. हा एक नियम जरी पाळला तरी पासबुक स्वतःच अर्धा हिशेब बोलते. धान्य, कपडे, पुस्तके अशा वस्तुरूप देणग्यांचीही साठा नोंदवही हवी.

नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळांनी वर्गणी काढण्याआधी कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. ती ऑनलाइन मिळते. आदल्या वर्षीचा हिशेब सोबत द्यावा लागतो.

खर्चाची वाट

बिल संस्थेच्या नावे, व्हाउचर क्रमांकासह, त्यावर खर्च कोणत्या ठरावाने किंवा कोणाच्या मंजुरीने झाला त्याचा उल्लेख आणि दोघांच्या सह्या. पैसे घेणारा आणि खर्च मंजूर करणारा एकच माणूस असू नये. किरकोळ खर्चासाठी हातात किती रोकड ठेवायची, ती मर्यादा ठरावाने बांधा. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च धरला जात नाही.

विश्वस्ताच्या भावाच्या दुकानातून सिमेंट घेणे नेहमीच गैर असते असे मी म्हणणार नाही. लहान गावात दुकानच एक असते. पण तेव्हा नाते बैठकीत सांगावे, त्या विश्वस्ताने निर्णयातून बाजूला राहावे, दुसरीकडचे दर घेतलेले असावेत आणि हे सगळे इतिवृत्तात लिहिलेले असावे. विश्वस्त, त्यांचे नातेवाईक आणि मोठे देणगीदार यांना वाजवीपेक्षा जास्त लाभ दिला, तर आयकराची सूट धोक्यात येते.

ज्या कामाचा पैसा, त्याच कामाला

लहान संस्थांतले बहुतेक वाद चोरीवरून होत नाहीत. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वापरले, यावरून ते होतात. समजा, वसतिगृहाच्या सौर वॉटर हीटरसाठी ३ लाख जमले. यंत्रणा बसवायला सहा महिने गेले, मधल्या काळात अनुदान रखडले आणि स्वयंपाकिणींचे पगार थकले. खजिनदाराने त्या ३ लाखांतून पगार केले. हेतू चांगला, पैसा संस्थेतच, पण दाते विचारतात तेव्हा ना हीटर, ना पैसे.

उपाय साधा आहे. खतावणीत (खातेवार नोंदींच्या वहीत) प्रत्येक विशिष्ट निधीचे वेगळे खाते उघडा, रक्कम मोठी असेल तर बँकेत वेगळी मुदतठेव करा. वापरायचीच वेळ आली तर आधी बैठकीत ठराव करा, किती दिवसांत परत टाकणार ते त्यात लिहा आणि दात्यांना कळवा. कायम निधी म्हणून आलेल्या देणगीला दात्याचे तसे लेखी पत्र जोडा.

ठेवी कुठे ठेवायच्या, यावर मला जरा जोर देऊन सांगायचे आहे. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ ने शेड्यूल्ड बँक, टपाल बचत बँक, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे असे मार्ग आखून दिले आहेत. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. एक-दीड टक्का जास्त व्याज मिळते, चेअरमन ओळखीचे आहेत, म्हणून संस्थांचे पैसे पतसंस्थांत जातात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. ती बुडाली तर मुलींच्या वसतिगृहाचा पैसा जातो, आणि ज्यांनी तो तिथे ठेवला त्यांची वैयक्तिक जबाबदारीही निघू शकते.

याच ओघात: धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेच्या नावे कर्ज काढता येत नाही. स्थावर मालमत्ता विकता किंवा बक्षीस देता येत नाही, आणि इमारत किंवा बिगरशेती जमीन ३ वर्षांपेक्षा, शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही.

महिन्याचा कागद आणि वर्षाचे ऑडिट

दर महिन्याच्या बैठकीत खजिनदाराने एकच पान ठेवावे: प्रत्येक बँक खात्याची शिल्लक, ठेवी, हातातील रोकड, कोणाकडे किती उचल आहे, कोणाचे देणे आहे. सोबत पासबुक. पासबुक आणि रोजकीर्द यांच्यात फरक असेल तर त्याचे कारण त्याच पानावर लिहा. हे पान इतिवृत्ताला जोडले की वर्षअखेरीचे काम निम्म्यावर येते, आणि खजिनदाराचे स्वतःचेही रक्षण होते.

हिशेब ३१ मार्चला बंद होतो, ऑडिट सहा महिन्यांत पुरे करायचे असते. ऑडिटर विश्वस्तांचा नातेवाईक किंवा भागीदार नसावा. आयकर नियमांनुसार पुस्तके, पावत्या, दात्यांच्या नोंदी दहा वर्षे जपायच्या आहेत. स्थलांतरात, पावसात, वाळवीत दप्तर जाते, म्हणून दरवर्षी स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

लोकांसमोर मांडायचे एक पान

ताळेबंद फलकावर लावला म्हणजे पारदर्शकता आली असे नाही, कारण तो वाचता येणारे थोडे असतात. म्हणून त्याच्या आधारे साध्या मराठीत एक पान तयार करा. वर्षाच्या सुरुवातीला किती होते. किती आले: लोकांकडून, शासनाकडून, कंपन्यांकडून, व्याजातून. किती गेले: प्रत्यक्ष कामावर, पगारावर, इमारतीवर, कार्यालयावर. वर्षअखेरीस किती उरले आणि ते कुठे आहे. विशिष्ट निधींची स्वतंत्र यादी, आलेले-वापरलेले-शिल्लक. विश्वस्तांना मानधन, भाडे किंवा कोणत्याही कारणाने किती दिले. शून्य असेल तर ‘शून्य’ असे लिहा, ओळ गाळू नका. ऑडिटरने काढलेल्या त्रुटी आणि त्यावर काय केले, हेही याच पानावर द्या. शेवटी प्रश्न कोणाला विचारायचे त्याचा संपर्क.

हे पान सूचनाफलकावर, वार्षिक अहवालात आणि दात्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर गेले पाहिजे. त्यात दात्यांचे पॅन आणि पत्ते देऊ नका. लाभार्थींची नावे तर मुळीच नकोत: कोणत्या मुलीची फी कोणी भरली हे गावाला कळण्याची काही गरज नसते.

मग प्रश्न येतील. त्यांची एक वही ठेवा: तारीख, प्रश्न, उत्तर, उत्तर दिल्याची तारीख. महिन्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी सभासदाने किंवा दात्याने यावे आणि खजिनदारासमोर बसून व्हाउचर पाहावेत. विचारणाऱ्याचा सूर कधी बोचरा असतो. त्याच्या सुराला उत्तर देऊ नका, प्रश्नाला द्या, आणि ते व्हाउचर क्रमांक सांगून द्या. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हे उत्तर कुठल्याही खजिनदाराच्या तोंडी शोभत नाही. वर्षानुवर्षे फुकट राबणाऱ्या माणसाला असा प्रश्न लागतो, हे मला कळते. पण पैसा त्याचाही नाही आणि माझाही नाही.

आता देणगीदाराचे काम: तीन कागद वाचा

संस्थेकडे मागील तीन वर्षांची हिशेबपत्रके मागा. मिळाली नाहीत तर धर्मादाय कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन, फी भरून नकला मिळवता येतात. माहिती अधिकाराचाही मार्ग आहे. शिवाय ज्या खासगी संस्थेचा बराचसा खर्च सरकारी अनुदानावर चालतो, ती स्वतःच माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात स्पष्ट केले.

पहिला कागद शेड्यूल आठ, म्हणजे ताळेबंद. यात घाईने थेट तीन ठिकाणी जा. एक, विशिष्ट निधी: तुमच्या देणगीचा निधी दिसतो का? दोन, उचल: विश्वस्त, कर्मचारी, कंत्राटदार यांना दिलेल्या उचलीच्या ओळी वेगळ्या असतात, आणि तीच रक्कम तीन वर्षे जशीच्या तशी दिसली तर ती परत येणार नाही असे समजून प्रश्न विचारा. तीन, रोख शिल्लक: बँकेत किती, विश्वस्ताकडे किती, व्यवस्थापकाकडे किती, हे नमुन्यातच वेगळे विचारलेले आहे. लहान संस्थेत ३१ मार्चला विश्वस्ताच्या हाती दोन-अडीच लाख रोख का होते, याला सहसा समाधानकारक उत्तर नसते.

दुसरा शेड्यूल नऊ, उत्पन्न-खर्च पत्रक. त्यात आस्थापना, विश्वस्तांचे मानधन, कायदेशीर खर्च, निर्लेखित (वसूल होणार नाहीत म्हणून सोडून दिलेल्या) रकमा आणि शेवटी संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च (धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबी निवारण, इतर) अशा ओळी येतात. लोक लगेच आस्थापना खर्चाची टक्केवारी काढतात आणि जास्त दिसली की नाक मुरडतात. हे मला अन्यायाचे वाटते. मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिकेचा पगार हेच तर काम आहे, आणि एखादा ऑडिटर तो आस्थापनेत दाखवतो, दुसरा उद्दिष्टांवरच्या खर्चात. आधी विचारा पगार कोणाचे, कशासाठी. कमी टक्केवारी मिरवणारी संस्था कधी कधी आपल्या माणसांना पुरेसे देतच नसते. निर्लेखित रकमांकडे आणि वकिलांवरच्या खर्चाकडे मात्र जरूर बारकाईने पाहा. विश्वस्तांतले भांडण तिथेच दिसते.

तिसरा कागद सर्वांत बोलका असून सर्वांत कमी वाचला जातो: नियम १९ खालचा ऑडिटरचा अहवाल. यात ठरावीक प्रश्न असतात आणि ऑडिटर एकेका ओळीत उत्तर देतो. रोकड आणि व्हाउचर हिशेबाशी जुळले का? निधी संस्थेच्या उद्दिष्टाबाहेर वापरला का? वर्षाहून जुनी येणी किती? ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का? कलम ३५ सोडून गुंतवणूक आहे का? बैठका नियमित झाल्या का, इतिवृत्त आहे का? कोणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का? गेल्या वर्षीच्या त्रुटी दूर झाल्या का? सलग तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. उत्तरे शब्दशः तीच असतील तर ऑडिटरने फक्त तारीख बदलली असावी. पाच हजारांची मर्यादा आजच्या बांधकाम खर्चात फारच लहान आहे, म्हणून ‘निविदा नाहीत’ या एकाच शेऱ्यावरून कोणाला दोषी ठरवू नका.

गोव्यात महाराष्ट्राचा हा विश्वस्तव्यवस्था कायदा लागू नाही. तिथे सोसायट्या जिल्हा निबंधकाकडे असतात, आणि देवस्थानांचा कारभार १९३३ च्या महाजनी नियमावलीनुसार मामलेदाराच्या देखरेखीखाली चालतो. तेव्हा विचारणा तिकडे करायची.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. पण तुम्ही अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी तुमची देणगी विदेशी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते लागते. गावच्या शाळेवरच्या मायेपोटी भावाच्या खात्यातून पैसे फिरवू नका. त्यात अडचणीत येईल ती शाळा.

उत्तर मिळालेच नाही तर

आधी संस्थेला लेखी पत्र द्या, नेमका प्रश्न, नेमके वर्ष, उत्तरासाठी पंधरा-वीस दिवस. मग धर्मादाय उपायुक्त किंवा सहायक आयुक्तांकडे अर्ज करा. कलम ३७ खाली त्यांना दप्तर तपासता येते, ४१ ब खाली चौकशी करता येते. हिशेब दाखल करण्यात सतत कसूर, आदेश न पाळणे, अपहार अशा कारणांवरून ४१ ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येते किंवा काढता येते.

अर्जदाराला मात्र कायद्याच्या भाषेत ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असावे लागते. सोसायटीत कोणीही सभासद, देवळाच्या बाबतीत तिथे दर्शन-पूजेला जाणारा भाविक, इतर ट्रस्टमध्ये विश्वस्त किंवा लाभार्थी. नुसत्या देणगीदाराच्या हक्कावर समोरचा वकील बोट ठेवू शकतो, म्हणून अर्जावर सभासदाची किंवा एखाद्या विद्यार्थिनीच्या पालकाची सही सोबत घ्या. अर्जात आरोपांची विशेषणे नकोत. पावती क्रमांक, ताळेबंदातली ओळ, संस्थेला दिलेल्या पत्राची पोच, एवढे जोडा, आणि कार्यालयातून आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.